स्फटिकातली खोट

पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा झोत देणारा रेषीय त्वरक तिथे आहे, आणि ३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दुसऱ्या त्वरकाचे कामही तिथेच झाले. असा झोत प्लास्टिकवर पडला की त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि केबलचे आवरण जास्त उष्णता सोसू लागते. उद्योगांना तो हवा असतो तो अशा कामांसाठी. एखाद्या शिस्तबद्ध स्फटिकात तो शिरला तर मात्र मोडतोड करतो. अणू जागेवरून उडतात, मागे रिकामी जागा राहते, उडालेला अणू भलतीकडे जाऊन अडकतो. महिनाभर भट्टीसमोर बसून स्फटिक वाढवणाऱ्याला ते पाहवणार नाही.

तरीही पनवेलची नगरपालिका जाऊन महापालिका आली त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील लिया क्रुसिन-एल्बाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच उपद्व्याप मुद्दाम करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिस्मथ टेल्युराइड आणि बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकांवर त्यांनी २.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. मोजूनमापून नवे दोष तयार केले आणि स्फटिकाच्या पोटातून वाहणारी नको असलेली वीज कितीतरी पटींनी घटवली. पृष्ठभागावरची वीज शिल्लक राहिली, आणि मोजायची होती ती तीच. काट्याने काटा काढण्याचा हा प्रयोग ज्या पदार्थांवर झाला त्यांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. त्यांच्या गणिताचे कौतुक भरपूर झाले आहे आणि ते रास्तही आहे. पण या विषयाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास जवळून पाहिला तर त्यातला मोठा भाग स्फटिकदोषांशी चाललेल्या झटापटीचा निघतो.

विसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांमध्ये एक दरी असते, म्हणून वीज वाहत नाही. २००५ मध्ये चार्ल्स केन आणि यूजीन मेले या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की काही विसंवाहकांतली ही दरी मुळातच वेगळ्या जातीची असू शकते. दोन वेगळ्या जातींचे विसंवाहक जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर दरी मिटावीच लागते, त्यातून सुटका नाही. बाहेरची हवा किंवा निर्वात पोकळी हीसुद्धा साध्या जातीची विसंवाहकच. त्यामुळे असा पदार्थ आतून वीज अडवतो आणि कडेने वाहू देतो. पुढच्याच वर्षी बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी पारा आणि टेल्युरियमच्या अतिपातळ थरात हे दिसेल असे भाकीत केले, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या प्रयोगशाळेने ते खरे करून दाखवले. त्याच सुमारास तीन वेगवेगळ्या गटांनी हा विचार त्रिमितीय पदार्थांपर्यंत नेला. त्यात राहुल रॉय हे एक. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाला बिस्मथ आणि अँटिमनीच्या मिश्रधातूत अशी पृष्ठभागी अवस्था दिसली. २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड पुढे आले आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. बिस्मथ सेलेनाइडमधली दरी सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीची ऊर्जा असते ०.०२५च्या आसपास. म्हणजे हिशेबाने बर्फाळ तापमानाचीही गरज नव्हती. सामान्य खोलीत, टेबलावर ठेवून पदार्थ वापरता यायला हवा होता.

तारा जोडून मोजले तर तो सरळ धातूसारखा वीज वाहून नेत होता. नाव इन्सुलेटर आणि वागणूक धातूची!

याचे कारण भट्टीत सापडते. बिस्मथ आणि सेलेनियमचे शुद्ध तुकडे दोनास तीन अणू या प्रमाणात तोलून क्वार्ट्झच्या नळीत भरतात, पंपाने हवा काढतात आणि ज्योतीने नळीचे तोंड वितळवून बंद करतात. मग भट्टीत साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तासाला दोन-तीन अंश अशा संथ गतीने निववतात. बिस्मथ सेलेनाइड वितळते ७०५ अंशांच्या आसपास, आणि सेलेनियम उकळते ६८५ अंशांना. गोम आहे ती इथेच. द्रव घट्ट होण्याआधीच त्यातले थोडे सेलेनियम वाफ होऊन नळीच्या रिकाम्या भागात गेलेले असते. नळी फोडल्यावर हातात येतो तो गडद राखाडी, आरशासारखा चकाकणारा तुकडा. चिकटपट्टी लावून ओढली की त्याचा पापुद्रा निघतो, कारण सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम अशा पाच अणुथरांची एक गड्डी, जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची, शेजारच्या गड्डीला अगदी सैल बांधलेली असते. डोळ्यांना त्यात काहीही वावगे दिसत नाही. आत मात्र जिथे सेलेनियमचा अणू हवा होता तिथल्या काही जागा रिकाम्या असतात.

अशी प्रत्येक रिकामी जागा दोन मोकळे इलेक्ट्रॉन मागे सोडते. बिस्मथ सेलेनाइडच्या नेहमीच्या स्फटिकात दर घन सेंटीमीटरला दहाचा अठरावा ते एकोणिसावा घात एवढे मोकळे इलेक्ट्रॉन सापडतात. वरचा आकडा धरून हिशेब केला तर साधारण सात हजार अणूंमागे एक जागा रिकामी निघते. रसायनाच्या मापाने हा पदार्थ शुद्धच म्हणायचा. पण नमुना असतो शंभर मायक्रॉन जाडीचा आणि टोपोलॉजिकल पृष्ठभागाची जाडी काही नॅनोमीटरची; एवढ्या जाड पोटातून थोडीशी वीज झिरपली तरी पृष्ठभागाचा आवाज ऐकू येत नाही.

भट्टी सांभाळणाऱ्याला यात दोष देता येत नाही. निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला स्फटिकात काही जागा चुकणे हे निसर्गाच्या दृष्टीने फायद्याचेच असते, आणि तापमान चढे तशी चुकांची संख्या झपाट्याने वाढते. बिस्मथ टेल्युराइडची तऱ्हा थोडी निराळी. तिथे जागा रिकामी राहण्याऐवजी टेल्युरियमच्या जागी बिस्मथ जाऊन बसतो, आणि त्यातून इलेक्ट्रॉनाऐवजी धनभारित पोकळ्या तयार होतात. एकाच कुटुंबातल्या दोन पदार्थांच्या खोटी अशा परस्परविरुद्ध.

गंमत म्हणजे बिस्मथ टेल्युराइड हा काही नवा पदार्थ नाही. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड यांनी दाखवले की त्यातून वीज सोडली तर एक बाजू गार होते. आज छोट्या पेटीवजा फ्रिजांत आणि लेसर थंड ठेवणाऱ्या चकत्यांत हाच पदार्थ असतो. त्या धंद्यात मिश्रण आणि दोष हवेहवेसे असतात, कारण ते उष्णतेच्या लहरी अडवतात आणि विजेचे प्रमाण हव्या त्या मापावर आणतात. निम्मे शतक एका कामासाठी ज्या खोटी जोपासल्या, त्याच २००९ नंतर दुसऱ्या कामात आडव्या आल्या.

सुटका रसायनशास्त्रज्ञांनी केली, आणि लोकप्रिय लेखांत त्यांची नावे फारशी येत नाहीत. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट कावा यांच्या प्रयोगशाळेत बिस्मथ सेलेनाइडमध्ये चिमूटभर कॅल्शियम मिसळून जादा इलेक्ट्रॉन फेडले गेले. जपानमध्ये ओसाकाला योइची आंदो यांच्या गटाने अधिक चतुर मार्ग काढला. पाच थरांच्या गड्डीत मधल्या थरात सेलेनियम आणि बाहेरच्या दोन थरांत टेल्युरियम अशी नेमकी मांडणी असलेला बिस्मथ टेल्युराइड-सेलेनाइड त्यांनी २०१० मध्ये तपासला. सेलेनियम मध्ये कोंडला गेला की त्याला पळायला वाव राहत नाही, आणि बाहेरच्या थरातल्या जागाबदलाच्या खोटी उरलेल्या रिकाम्या जागांची भरपाई करतात. या स्फटिकाचा रोध एक ओहम-सेंटीमीटरच्या वर गेला; त्या घडीला ती मोठीच मजल होती. तरी एकूण विजेत पृष्ठभागाचा वाटा भरला तो सहा टक्क्यांच्या आसपास. पुढे त्याच गटाने अँटिमनीही मिसळली, नमुना आठ मायक्रॉनपर्यंत पातळ केला, आणि हा वाटा सत्तर टक्क्यांपर्यंत नेला. २०१६ मध्ये कावा यांच्या गटाने कथिलाचा अंश असलेले, बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि गंधक यांचे एक मिश्रण पुढे आणले. आतून खरोखर विसंवाहक म्हणता येतील अशा स्फटिकांत त्याची गणना होते.

या भरपाईलाही मर्यादा आहे, आणि ती फार कमी लोकांना आधी सुचली होती. इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे दोष सारख्या संख्येने असले म्हणजे जमाखर्च जुळला, असे कागदावर वाटते. स्फटिकात ते दोष कुठेही विखुरलेले असतात. कुठे देणारे जास्त जमतात, कुठे घेणारे, आणि ऊर्जेची दरी सपाट न राहता खालीवर हेलकावत जाते. खोलगट ठिकाणी भाराची डबकी साचतात. २०१२ मध्ये ब्रायन स्किनर, तियानरान चेन आणि बोरिस श्क्लोव्स्की यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या आतला रोध इतका कमी का. त्यांचे उत्तर हेच होते: संख्या जुळली तरी विखुरणे सुटत नाही, आणि डबक्यांमुळे वीज वाहायला पूर्ण दरी ओलांडावीच लागत नाही. पृष्ठभागावरची डबकी वर्षभर आधी, २०११ मध्ये, प्रिन्स्टनला अली याझदानी यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शीखाली दिसली होती. खारघरसारख्या झोताने दोष वाढवून जमाखर्च जुळवण्याची युक्तीही या मर्यादेतून सुटत नाही. तिचा फायदा असा की भट्टीतून काढलेल्या स्फटिकाला नंतरही दुरुस्त करता येते, आणि मात्रा चुकली तर तापवून थोडी मागे घेता येते.

दोष मोजायचे कसे? पृष्ठभागापुरता उत्तम उपाय म्हणजे टनेलिंग सूक्ष्मदर्शी. टोक अणूएवढे असलेली सुई पृष्ठभागावरून फिरवली की चित्रात ठिकठिकाणी त्रिकोण उमटतात. त्रिकोणाचा आकार आणि उजळपणा यावरून खोट कोणत्या थरात आणि कोणत्या जातीची हे ओळखता येते. अनुभवी माणूस हे त्रिकोण एखाद्या तलाठ्याने सातबारा वाचावा तसे वाचतो. पण ही तपासणी वरच्या एका गड्डीपुरती. आत खोलवर बघायला पॉझिट्रॉन लागतो. टाटा मेमोरियलच्या पेट-स्कॅनमध्ये जो कण रुग्णाच्या शरीरातली गाठ दाखवतो, तोच इथे सोडियम-२२ या किरणोत्सारी स्रोतातून स्फटिकात सोडतात. धनभारित असल्यामुळे तो अणुकेंद्रांपासून दूर, रिकाम्या जागेकडे ओढला जातो. तिथे इलेक्ट्रॉन विरळ असतात म्हणून तो काही पिकोसेकंद जास्त जगतो, आणि त्या वाढीव आयुष्यावरून रिकाम्या जागांचा अंदाज येतो. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात २०१४ मध्ये बिस्मथ सेलेनाइडवर नेमके हे काम झाले. एकीकडे चुंबकीय क्षेत्रात रोधाचे हेलकावे मोजले, दुसरीकडे पॉझिट्रॉनने सेलेनियमच्या रिकाम्या जागा तपासल्या, आणि दोन्हींची सांगड घातली. भारतात या प्रश्नावर झालेल्या कामांपैकी हे सर्वांत नेटके म्हणावे लागेल.

मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कलोबरन मैती यांच्या गटाने पृष्ठभागाच्या म्हातारपणाचा अभ्यास केला. वॉरविक विद्यापीठातल्या गीता बालकृष्णन यांचा या कामात सहभाग होता. निर्वात पोकळीत बिस्मथ सेलेनाइड चिरून, प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून पाहिले तर वेळ जाईल तशी आणि ऑक्सिजन लागेल तशी पृष्ठभागी अवस्था बदलते. उघडा पडलेला थर सेलेनियमचा की बिस्मथचा, यावर तो बदल कसा होणार हे ठरते, असे त्यांनी २०१५ मध्ये नोंदवले. चिरण्याची जागा ही स्वतःच एक प्रकारची खोट ठरते, हे यातून कळले.

आता त्या बहुचर्चित 'संरक्षणा'बद्दल. टोपोलॉजिकल पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगच्या चुंबकत्वाची दिशा, त्याच्या धावण्याच्या दिशेशी जखडलेला असतो. उलट फिरायचे तर स्पिनही उलटा करावा लागतो, आणि चुंबकत्व नसलेल्या साध्या अडथळ्याला ते जमत नाही. २००९ मध्ये पेद्राम रूशन, याझदानी आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ-अँटिमनीच्या अत्यंत विस्कळीत पृष्ठभागावर हे प्रत्यक्ष दाखवले. अणूंचा इतका गोंधळ असूनही थेट माघारी फिरणाऱ्या लाटांची खूण तिथे सापडली नाही. बातम्यांत याचे भाषांतर 'या पदार्थांना दोषांची पर्वाच नाही' असे झाले. ते खरे नाही. बंद आहे ते फक्त थेट माघारी फिरणे. तिरपे भरकटायला त्रिमितीय पदार्थाच्या पृष्ठभागावर मोकळीक आहे. शिवाय हे संरक्षण पृष्ठभागाला आहे, आतल्या भागाला नाही.

अडथळा चुंबकीय असला की तेवढे संरक्षणही जाते. कधी कधी तेच हवे असते. क्रोमियमसारखे चुंबकीय अणू मुद्दाम घालून पृष्ठभागावरची दरी उघडली तर बाहेरचे चुंबकीय क्षेत्र न लावता कडेने विनारोध वीज वाहते. २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात श्वे छिखुन यांच्या गटाने ही किमया साधली, पण ०.०३ केल्विन तापमानाला. पदार्थाचे चुंबकत्व त्याहून कितीतरी वरच्या, काही केल्विन तापमानापर्यंत टिकत होते, मग परिणाम इतका नाजूक का? शेमस डेव्हिस यांच्या गटाने २०१५ मध्ये दरीचा नकाशाच काढला. क्रोमियमचे अणू जिथे दाट तिथे ती रुंद, विरळ तिथे अरुंद होती. साखळी तुटायची ती सर्वांत कच्च्या कडीपाशी.

मग चुंबकीय अणू वरून शिंपडण्याऐवजी स्फटिकाच्या रचनेतच त्यांना हक्काची जागा द्यावी, असा विचार पुढे आला. मँगनीज बिस्मथ टेल्युराइड हा तो पदार्थ. २०१९ मध्ये तो गाजला, आणि २०२० मध्ये चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या गटाने त्याच्या पाच थरांच्या पापुद्र्यात १.४ केल्विनला तो परिणाम मिळवला. आधीच्या मानाने ही मोठी उडी होती. पण या पदार्थाचे चुंबकत्व २५ केल्विनपर्यंत टिकते, त्यामुळे अपेक्षा त्याहून मोठी होती. पुन्हा तपास सुरू झाला आणि पुन्हा तोच जुना गुन्हेगार हाती लागला. मँगनीज बिस्मथच्या जागी आणि बिस्मथ मँगनीजच्या जागी जाऊन बसतो. काही प्रयोगशाळांना पृष्ठभागावर मोठी दरी दिसली, काहींना दरीच दिसली नाही. या मतभेदातही अशा जागाबदलांचा हात असावा असे आता बरेच जण मानतात.

जागाबदल मोजायला न्यूट्रॉन कामाचे असतात. मँगनीज हे न्यूट्रॉनला ऋण चिन्हाने विखुरणाऱ्या मोजक्या मूलद्रव्यांपैकी एक आहे, बिस्मथ धन चिन्हाने विखुरते. दोघांनी जागा बदलल्या की विवर्तनाच्या आलेखात ते लपत नाही. पनवेलहून हार्बर लाइनने मानखुर्दला उतरणाऱ्याला तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी जवळच आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या अणुभट्टीभोवती न्यूट्रॉन विखुरणाची उपकरणे आहेत, आणि विद्यापीठातल्या संशोधकांना ती वापरता यावीत म्हणून यूजीसी-डीएई कन्सोर्टियमचे मुंबई केंद्र भाभा केंद्राच्या आवारात आहे.

इथवर दोष म्हणजे अडचण असेच चित्र होते. २००९ मध्ये यिंग रान, यी झांग आणि अश्विन विश्वनाथ यांनी ते उलटे केले. स्फटिकात अणूंची एक अख्खी ओळ सरकलेली असते तेव्हा तिला डिसलोकेशन म्हणतात. त्यातल्या स्क्रू प्रकारात थर एकमेकांवर बंद न राहता बहुमजली पार्किंगच्या चढासारखे गोल फिरत वर जातात. विश्वनाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही टोपोलॉजिकल पदार्थांत अशा ओळीच्या लांबीने एक सुरक्षित, एकमितीय वाट तयार होते, जणू स्फटिकातच तार ओवलेली. दोष हीच वाहिनी. जपानमध्ये बिस्मथ-अँटिमनीत डिसलोकेशन मुद्दाम वाढवून त्यांच्या वाहकतेचा माग काढला गेला. २०१९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत अभय कुमार नायक, हैम बाइडेनकोफ आणि सहकाऱ्यांनी बिस्मथच्या एका स्क्रू डिसलोकेशनवर टनेलिंग सूक्ष्मदर्शीची सुई आणली. शुद्ध बिस्मथ टोपोलॉजिकल जातीचा की साधा, हा वाद बरीच वर्षे रेंगाळत होता. गणिते वेगळे सांगत होती आणि मोजमापे वेगळे. तो निकालात काढायला त्यांनी दोषालाच साक्षीदार केले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गौरव बहल, टेलर ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्ह अनुनादकांच्या जाळ्यात कोनाची मुद्दाम चूक करून दाखवले की अशा दोषापाशी भाराचा अपूर्णांक अडकून राहतो. ते जाळे हाताने मांडलेले होते, त्यामुळे दोष कुठे हवा हे भट्टी ठरवत नव्हती, माणूस ठरवत होता.

बिस्मथची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा एक धागा कुलाब्यात आहे आणि एक पनवेलमध्ये. शास्त्रज्ञांना या जड, ठिसूळ धातूने दीडशे वर्षे नादी लावले आहे. १९३० मध्ये हॉलंडमधल्या लायडनला लेव्ह शुब्निकोव्ह आणि डी हास यांना चुंबकीय क्षेत्रात बिस्मथचा रोध हेलकावताना दिसला. आज ज्याला त्याला जो शुब्निकोव्ह-डी हास परिणाम मोजावा लागतो, तो हाच. त्यांच्या यशाचे रहस्य मोजण्याच्या यंत्रात नव्हते. शुब्निकोव्ह यांनी बिस्मथचे कमालीचे शुद्ध स्फटिक वाढवले होते. पुढे मायदेशी परतल्यावर सोव्हिएत राजवटीने १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी याच धातूत अतिसंवाहकता शोधली आणि तो निबंध २०१६च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स'ने प्रसिद्ध केला. बिस्मथमध्ये लाख अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. अतिसंवाहकतेच्या प्रचलित सिद्धान्तात एवढ्या थोड्या भांडवलावर काही घडायला नको होते. ते घडले, ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे एका केल्विनच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. त्यासाठी स्फटिक ९९.९९९९ टक्के शुद्ध होता. गंमत अशी की अणूंची रचना पार विस्कटलेला, काचेसारखा बिस्मथ सुमारे ६ केल्विनलाच अतिसंवाहक होतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. सारी शिस्त मोडली तर अतिसंवाहकता दहा हजार पटींहून वरच्या तापमानाला येते आणि शिस्त पाळली तर ती अशी तळाशी जाते. स्फटिकदोषांचे याहून टोकाचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

हा अतिसंवाहक भलताच हळवा आहे. ५.२ मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र त्याला मारून टाकते. कोकणपट्टीत पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाहून थोडे अधिक आहे, म्हणजे आठपट. ते अडवल्याशिवाय प्रयोग शक्यच नव्हता. त्या क्षेत्राची नोंद आपल्याकडे ज्या संस्थेच्या ताब्यात आहे ती भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला आहे. पूर्वी तीही कुलाब्यालाच होती. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच अलिबागला हलवली गेली, आणि १९०४ पासून तिथली नोंद चालू आहे. विजेच्या गडबडीतून पृथ्वीचे क्षेत्र वाचवायला एक वेधशाळा समुद्रापलीकडे गेली, आणि शंभर वर्षांनी त्याच कुलाब्याच्या टोकाला त्या क्षेत्रापासूनच एक स्फटिक वाचवावा लागला.

या क्षेत्रातला सर्वांत महागडा धडा मात्र शेजारच्या वर्गातून आला. क्वांटम संगणकाच्या एका प्रकारासाठी मायोराना ही इलेक्ट्रॉनांची खास अवस्था हवी असते. ती टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये नव्हे, पण त्यांच्या नात्यातल्या अर्धवाहक नॅनोतारांमध्ये शोधली जात होती. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये तिचा ठोस पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. तारेतली अव्यवस्था हुबेहूब तशीच खूण उमटवू शकते, हे शंकर दास सर्मा यांच्यासारखे सैद्धान्तिक वारंवार सांगत आले आहेत. २०२५च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' ही चिप जाहीर केली तेव्हाही आक्षेपांचा रोख बराचसा तिकडेच होता.

पदार्थांची वाण मात्र नाही. २०१९ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी 'नेचर'मध्ये जुन्या स्फटिकनोंदींची संगणकाने चाळणी करून हजारो टोपोलॉजिकल पदार्थांच्या याद्या दिल्या. त्या याद्या आदर्श, निर्दोष स्फटिकाच्या आहेत. यादीतला पदार्थ भट्टीतून बाहेर येताना कोणत्या खोटी घेऊन येईल हे त्यात नसते, आणि ते काढण्याचे काम पनवेलच्या एखाद्या महाविद्यालयातला एम.एस्सी.चा विद्यार्थीही बऱ्या संगणकावर सुरू करू शकतो. क्वांटम एस्प्रेसोसारखी गणनाप्रणाली फुकट मिळते. एक अणू काढून टाका, किंवा दोघांची अदलाबदल करा, आणि त्याला किती ऊर्जा लागली ते पाहा. मेख एवढीच की उत्तर सेलेनियम मुबलक धरले की तुटपुंजे, यावर बदलते. ते ठरवायला क्वार्ट्झच्या नळीत किती माल भरला होता, नळीची किती लांबी रिकामी ठेवली होती आणि भट्टी तासाला किती अंशांनी उतरवली होती, हे भट्टीवाल्याच्या वहीतून मागून घ्यावे लागते.